सपाट देशातले भेद : एकाच जातीची रोपे जागोजागी वेगळी का? (लेखांक ६)

एकाच जातीच्या वनस्पतींचे दोन समूह जनुकांच्या पातळीवर वेगळे होतात ते प्रामुख्याने तीन कारणांनी. परागकण आणि बिया एकीकडून दुसरीकडे पोचत नाहीत, हे पहिले. दोन्हीकडची माती, पाणी, हवा वेगवेगळ्या गुणांची निवड करते, हे दुसरे. तिसरा निव्वळ योगायोग: समूह लहान असेल तर काही जनुकरूपे कारणाशिवायच नाहीशी होतात. सह्याद्रीसारखी डोंगररांग मध्ये आली की ही तिन्ही कारणे एकत्र गुंततात आणि कोणाचा वाटा किती, हे सांगणे अवघड होते.

हे वाटे वेगळे करून पाहण्यासाठी नेदरलँड्स हा सोयीचा देश आहे. महाराष्ट्राच्या सुमारे सातव्या भागाएवढा, जवळजवळ चौथा हिस्सा समुद्रसपाटीखाली, आणि युरोपातील भूमीवरचा त्याचा सर्वांत उंच माथा, फाल्सरबर्ग, जेमतेम ३२२ मीटरचा. वाऱ्याला आडकाठी जवळपास नाही. तरीही तिथल्या रोपांत भेद आहेत, आणि ते मुख्यतः माणसाने जमीन कशी वापरली त्यातून आले आहेत.

सर्वांत चांगला अभ्यासलेला दाखला इसबगोलाच्या एका भाऊबंदाचा आहे. प्लँटॅगो लॅन्सिओलाटा ही अरुंद, भाल्यासारख्या पानांची बहुवर्षायू वनस्पती डच गवताळ जमिनीत जागोजाग उगवते. तिचे परागण वाऱ्याने होते आणि स्वतःचे पराग ती सहसा स्वीकारत नाही. बी मात्र आईच्या पायाशीच पडते. ओले झाले की इसबगोलाप्रमाणेच बुळबुळीत होऊन मातीला चिकटते. म्हणजे पराग थोडाफार फिरतो, बी फारसे फिरत नाही.

खुरे भागातल्या आउडडॉर्पजवळची वेस्टडाउनेन ही वाळूच्या टेकाडांवरची जमीन गुरे चारण्याची, आपल्याकडच्या गायरानासारखी. जर्मन सीमेलगत ख्रूसबेकजवळची ब्रूक ही पाणथळ जमीन मात्र गवत कापून नेण्याची, खरे कुरण. दोन्हींत दीडशे किलोमीटरहूनही कमी अंतर आहे. गायरानातली रोपे जमिनीला चिकटलेली, आखूड आणि पुष्कळ पानांची; कुरणातली ताठ, लांब आणि मोजक्या पानांची. गुरांच्या तोंडाखाली ताठ पान आधी जाते, तर उंच गवतात बुटके रोप उन्हाला मुकते, हे उघड आहे. पण हा फरक जनुकांत आहे की केवळ जागेचा परिणाम? चांगली खतावलेली वांगी मोठी होतात म्हणून त्यांची जात बदलत नाही.

याचे उत्तर सगळी रोपे एकाच जागी, एकाच मातीत वाढवून मिळते. वोल्फ आणि फान डेल्डेन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन्ही ठिकाणची रोपे आणि त्यांचे संकर तपासले. बराचसा फरक टिकला, म्हणजे तो आनुवंशिक होता. पुढे फान टिंडेरेन आणि फान डर टोर्न यांनी उलटसुलट लागवड केली: एका जागेची रोपे दुसऱ्या जागी, दुसऱ्याची पहिल्या जागी. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात तीन वेगळ्या अधिवासांची तुलना होती, आणि निवड स्थानिकांच्या बाजूने आहे असे दिसले. पराग मिसळत असूनही निवड पुरेशी जोरकस असेल तर भेद टिकून राहतो, एवढे यातून पक्के होते. भिंत लागतेच असे नाही.

योगायोगाचा वाटा दाखवणारे संशोधनही याच काळातले. साल्विया प्राटेन्सिस आणि स्काबिओसा कोलम्बारिया या दोन वनस्पती पूर्वी नदीकाठच्या बांधांवर आणि कोरड्या माळांवर बऱ्याच होत्या. खत आणि नव्या शेतीपद्धतीमुळे त्यांचे तुकडे उरले. फान ट्रूरेन आणि सहकाऱ्यांच्या १९९१ च्या अभ्यासात आढळले, की समूह जितका लहान तितकी त्यातली जनुकीय विविधता कमी, आणि लहान समूहांचे आपापसातले अंतर मात्र जास्त. इथे भेद मोठा दिसतो म्हणून तो अनुकूलनाचा समजणे चुकीचे ठरेल. तो बहुधा योगायोगाने झालेल्या जनुकरूपांच्या गळतीचा हिशेब आहे. संवर्धनवाल्यांनी हा फरक ध्यानात ठेवायला हवा, कारण गळतीने वेगळे पडलेल्या समूहांत बाहेरचे बी मिसळले तर फायदा होऊ शकतो. निवडीने वेगळे झालेल्यांत तेच बी नुकसान करू शकते.

देशाच्या आग्नेय कोपऱ्यात, लिम्बुर्गमध्ये, तिसराच प्रकार दिसतो. ख्यूल नदी बेल्जियममधून येते आणि तिथल्या केल्मिस व प्लोंबिएर परिसरातील जुन्या खाणींचे जस्त, शिसे, कॅडमियम पुरांबरोबर गाळात टाकते. एपेनजवळच्या अशा गाळावर पिवळ्या फुलांचे जस्तव्हायोलेट वाढते, आणि नेदरलँड्समध्ये ते या खोऱ्याबाहेर आढळत नाही. एवढे जस्त बहुतेक वनस्पतींना विषारी असल्याने स्पर्धा कमी राहते. नदी स्वच्छ होऊ लागली आणि खतांनी माती सुपीक झाली, तसे इतर गवत वाढले आणि व्हायोलेट मागे हटले.

अशा धातूंची सहनशीलता किती जनुकांत असते, याचा शोध अ‍ॅमस्टरडॅमच्या फ्राये विद्यापीठात सायलिनी वल्गॅरिस या वनस्पतीवर झाला. १९९६ मध्ये शाट आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की दूरदूरच्या खाणींवरचे समूह वेगवेगळे घडले असले तरी त्यांच्या धातुसहनशीलतेची मुख्य जनुके मोजक्या आणि त्याच ठिकाणांवर आहेत. तुलनेसाठी घेतलेली संवेदनशील रोपे अ‍ॅमस्टरडॅममधलीच होती.