थाई जोडीदार, परदेशी पासपोर्ट

थायलंडमध्ये परदेशी माणसाने थाई व्यक्तीशी लग्न केलं की इमिग्रेशन खात्याच्या लेखी एकच गोष्ट बदलते. देशात राहू द्या, अशी विनंती करायला त्याच्याकडे एक कारण येतं. हक्क येत नाही. ही विनंती दर वर्षी नव्याने करायची, पुरावे नव्याने द्यायचे, आणि ती नाकारायचा अधिकार दर वर्षी अधिकाऱ्याकडे शाबूत असतो. बँकॉकला स्थायिक झालेले ओळखीचे लोक फोनवर जे सल्ले देतात, ते बहुतेक वेळा इथेच घसरतात. सल्ला देणारा खोटं बोलत नसतो. त्याचं काम ज्या वर्षी, ज्या कार्यालयात झालं, तेवढाच त्याचा कायदा असतो.

‘लग्न विधिवत लागलंय, फोटो आहेत, तीनशे माणसं जेवून गेली’

भिक्खूंचे आशीर्वाद, हातावर पाणी घालण्याचा थाई विधी, वधूच्या घरी मोजलेलं सिन्सोद, म्हणजे वधूमूल्य, हे सगळं कुटुंबापुरतं. थाई दिवाणी संहितेच्या कलम १४५७ प्रमाणे लग्न होतं ते फक्त नोंदणीने. ही नोंदणी बँकॉकमध्ये ‘खेत’ कार्यालयात आणि प्रांतांत ‘आम्फो’ कार्यालयात होते. भारतीय नागरिकाला आधी बँकॉकच्या भारतीय दूतावासातून आपण लग्नाला मोकळे असल्याचा कागद घ्यावा लागतो. मग त्याचं थाई भाषांतर, मग थाई परराष्ट्र मंत्रालयाचं प्रमाणन, आणि त्यानंतर नोंदणी. दुपारपर्यंत आटपेल असं समजून सुट्टी टाकणाऱ्यांनी आठवडा धरावा.

लग्न आधीच पुण्यात विशेष विवाह कायद्याखाली झालं असेल, तर थायलंडमध्ये दुसऱ्यांदा लग्न करायचं नसतं. झालेल्या लग्नाची आम्फोमध्ये ‘कौटुंबिक स्थिती’ म्हणून नोंद करून घ्यायची असते. तिथले लोक या कागदाला ‘कोर रोर २२’ म्हणतात. तो नसेल तर भारतातलं प्रमाणपत्र कितीही शिक्क्यांचं असलं तरी इमिग्रेशनच्या खिडकीवर त्याचा उपयोग नाही. थायलंडमध्ये नोंदणी झालेल्यांना दोन कागद माहीत हवेत. ‘कोर रोर ३’ हे नवरा-बायकोला मिळणारं नक्षीदार प्रमाणपत्र आणि ‘कोर रोर २’ हा मूळ नोंदवहीचा उतारा. इमिग्रेशनला दर वर्षी हा उतारा ताजा लागतो. प्रमाणपत्रावरून लग्न झालं होतं एवढंच कळतं, ते आजही टिकून आहे हे नोंदवही सांगते.

२३ जानेवारी २०२५ पासून थायलंडमध्ये समलिंगी जोडप्यांनाही विवाहनोंदणी खुली झाली. भारतात मात्र त्या नोंदणीला कायदेशीर मान्यता नाही, हे भारतीय जोडीदाराने आधीच लक्षात घ्यावं.

‘व्हिसा वर्षाचा आहे, म्हणजे वर्षभर चिंता नाही’

व्हिसावर छापलेली तारीख ही देशात शिरण्याची शेवटची तारीख असते. राहायची मुदत ठरते ती विमानतळावर पासपोर्टवर पडणाऱ्या शिक्क्याने. लग्नाच्या कारणाने मिळणारा व्हिसा ‘नॉन-इमिग्रंट ओ’ या प्रकारचा. त्याच्यावर आत आलं की ९० दिवस मिळतात. अनेक प्रवेशांचा वर्षभराचा व्हिसा असला तरी प्रत्येक प्रवेशाला ९०च. वर्षभर सलग राहायचं तर त्या ९० दिवसांच्या शेवटच्या टप्प्यात स्थानिक इमिग्रेशन कार्यालयात मुदतवाढ मागायची. तिची फी १,९०० बाट.

हा अर्ज मात्र नुसता फॉर्म भरून होत नाही. नवरा-बायकोचे घरातले फोटो लागतात : दाराशी घरक्रमांक दिसेल असा, बैठकीतला, आणि बहुतेक ठिकाणी शयनगृहातलाही. घरापर्यंतचा नकाशा हाताने काढून द्यायचा. ओळखीची थाई व्यक्ती साक्षीला आणायची. अर्ज घेतल्यावर वर्षाचा शिक्का लगेच पडत नाही. साधारण ३० दिवसांचा ‘विचाराधीन’ शिक्का मारून फाईल वर जाते. मधल्या काळात अधिकारी घरी येऊ शकतात, शेजाऱ्यांना विचारू शकतात. हा अपमान वाटतो, पण खोट्या लग्नांचा धंदा तिथे खरोखर चालतो आणि त्याची किंमत खऱ्या जोडप्यांना अशी मोजावी लागते.

‘चार लाख बाट दाखवले की झालं’, आणि ‘बायकांनाही चार लाख लागतात’

सर्वांत जास्त घोळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

थाई स्त्रीशी लग्न केलेल्या परदेशी पुरुषाला दोनांपैकी एक अट पुरी करावी लागते. एक तर थायलंडमधल्या बँकेत अर्जाआधी सलग दोन महिने किमान ४ लाख बाट, नाही तर महिना ४०,००० बाट उत्पन्न. ४ लाख बाट म्हणजे दहा लाख रुपयांहून जास्त. पैसे अर्जदाराच्या एकट्याच्या नावावर हवेत. बायकोबरोबरचं संयुक्त खातं मोजलं जाईल या भरवशावर राहू नये. अर्जाच्या दिवशी बँकेचं पत्र आणि त्याच दिवशी भरून घेतलेलं पासबुक लागतं. जुनी मंडळी त्या सकाळी खात्यात शंभर बाट टाकतात, म्हणजे पासबुकावर त्या तारखेची ओळ उमटते. वर्षाचा शिक्का पडेपर्यंत रक्कम हलवू नये. त्यानंतर ती वापरता येते. निवृत्तीच्या मुदतवाढीचे नियम वेगळे आहेत : वय ५० पूर्ण, बँकेत ८ लाख बाट, आणि मंजुरीनंतरही पैसे अडकवून ठेवण्याची अट. ‘पैसे वर्षभर हलवायचे नाहीत’ असं सांगणारा माणूस बहुधा निवृत्तीच्या शिक्क्यावर राहत असतो.

ही रक्कम एजंटाकडून दोन महिन्यांपुरती उभी करून घ्यायची पद्धत आहे. ती सोय नव्हे, सरकारी कामात दिलेला खोटा पुरावा आहे. पकडलं तर एजंट नव्हे, पासपोर्टवाला अडकतो.

आता दुसरी बाजू. थाई पुरुषाशी लग्न केलेल्या परदेशी स्त्रीला ही आर्थिक अटच नाही. मुदतवाढीचे निकष ठरवणाऱ्या २०१४ च्या पोलीस आदेशात पैशाची अट परदेशी नवऱ्यापुरती लिहिलेली आहे. कार्यालयं बायकोकडे बहुतेक वेळा नवऱ्याच्या नोकरीचे किंवा करभरणीचे कागद मागतात, पण तिच्या नावावर ४ लाख ठेवा असं नियम सांगत नाही. लेकीने थाई मुलाशी लग्न केलं म्हणून इकडे आईबापांनी ठेवी मोडून पैसे धाडू नयेत.

या भेदामागे जुना हिशेब आहे : पोसणारा पुरुष, पोसली जाणारी बाई. थाई नवरा बायकोला सांभाळेल हे गृहीत, परदेशी नवऱ्याने मात्र आपण बायकोच्या जिवावर बसणार नाही हे सिद्ध करायचं. हाच हिशेब इतरत्रही होता. १९९२ पर्यंत थाई आई आणि परदेशी बाप यांचं परदेशात जन्मलेलं मूल आपोआप थाई ठरत नसे, बाप थाई असला तर ठरे. परदेशी माणसाशी लग्न केलेल्या थाई स्त्रीला स्वतःच्या देशात जमीन विकत घेण्याची वाट १९९९ मध्ये मोकळी झाली. कायदे बदलत गेले, पैशाच्या अटीत मात्र तो हिशेब उरला.

‘चार दिवस घरी जाऊन येतो’

आई आजारी पडते, माणूस रात्रीच्या विमानाने मुंबईला येतो आणि परतताना कळतं की वर्षाची मुदतवाढ संपली. ती संपलेली असते तो देशाबाहेर पडला त्याच क्षणी, कारण निघण्याआधी त्याने पुनःप्रवेशाचा परवाना घेतलेला नसतो. एका वेळचा १,००० बाट, हवा तितक्या वेळचा ३,८००. तो सुवर्णभूमी विमानतळावरही निघताना मिळतो, पण मध्यरात्री तिथल्या रांगेत उभं राहण्यापेक्षा वार्षिक शिक्का पडतो त्याच दिवशी ३,८०० भरून मोकळं व्हावं. भारतात घर असलेल्या माणसाला हा खर्च वाचवून काही मिळत नाही.

दर ९० दिवसांनी पत्ता कळवणं ही मुदतवाढ नव्हे. ते फुकट असतं, ऑनलाइनही होतं, देय तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत चालतं आणि उशिराला २,००० बाट दंड आहे. देशाबाहेर जाऊन आलं की मोजणी पुन्हा एकपासून. ‘टीएम ३०’ ही आणखी वेगळी गोष्ट. परदेशी माणूस घरात राहायला आल्यापासून २४ तासांत कळवायची जबाबदारी घरमालकाची, म्हणजे अनेकदा बायकोचीच किंवा सासऱ्यांची असते. त्यांना ते माहीत नसतं, आणि अडतं जावयाचं.

मुदत उलटून राहण्याबद्दलही ‘बायको थाई आहे, समजून घेतात’ असं ऐकू येतं. दंड दिवसाला ५०० बाट, कमाल २०,०००, सगळ्यांना सारखाच. ९० दिवसांहून जास्त राहून स्वतःहून निघालं तरी वर्षभर प्रवेशबंदी. आणि त्याआधी पकडले गेलात तर ती पाच वर्षांपासून पुढे. घरी थाई बायको-मुलं आहेत म्हणून बंदी उठत नाही.

‘बायकोच्याच दुकानात तर बसतो’

बसण्याला हरकत नाही, गल्ल्यावर बसण्याला आहे. लग्नाच्या शिक्क्याबरोबर कामाचा परवाना येत नाही. तो वेगळा काढावा लागतो आणि त्यासाठी मालक लागतो. थाई जोडीदार असण्याचा फायदा एवढा, की कंपनीला एका परदेशी माणसामागे जे २० लाख बाट भांडवल दाखवावं लागतं ते निम्म्यावर येतं. परवाना नसताना काम केलं तर ५,००० ते ५०,००० बाट दंड आणि हकालपट्टी. शिवाय मालकालाही दंड होतो, आणि मालक बायको असली तर तो घरातूनच जातो. काही कामं तर परवान्यानेही परदेशी माणसाला करता येत नाहीत : दुकानात विक्रीला उभं राहणं, पर्यटकांना गाईड म्हणून फिरवणं, केशकर्तन, थाई मसाज, हिऱ्यांना आणि रत्नांना पैलू पाडणं. सिलोम भागातल्या रत्नांच्या व्यापारात आपले भारतीय लोक पुष्कळ आहेत, त्यांनी हे शेवटचं विशेष वाचावं.

‘पैसे माझे, घर तिच्या नावावर, पण आमचंच’

कायद्याच्या नजरेत तिचंच. परदेशी माणसाला थायलंडमध्ये जमीन घेता येत नाही. थाई जोडीदाराने घ्यायची झाली तर भूमी कार्यालयात दोघांनी लिहून द्यावं लागतं की हे पैसे तिचे स्वतःचे आहेत, लग्नातल्या सामाईक मालमत्तेतले नव्हेत. ती सही करताना पुढे घटस्फोट झाला तर या जमिनीवर आपला दावा नाही हे नवऱ्याने ओळखून असावं. मग कोणी सुचवतं, बायकोकडूनच ३० वर्षांचा भाडेपट्टा कर. पण नवरा-बायकोत झालेला मालमत्तेचा करार लग्न चालू असताना किंवा ते संपल्यापासून वर्षाच्या आत दोघांपैकी कोणालाही मोडता येतो, असं दिवाणी संहितेचं कलम १४६९ सांगतं. स्वतःच्या नावावर काही हवंच असेल तर फ्लॅट घ्यावा. इमारतीच्या एकूण क्षेत्राच्या ४९ टक्क्यांपर्यंत परदेशी मालकी चालते, फक्त पैसे परदेशी चलनात बाहेरून आलेले दाखवावे लागतात.

‘पिवळं पुस्तक, गुलाबी कार्ड मिळालं, म्हणजे आता मी इथलाच’

पिवळं थाबियन बान म्हणजे परदेशी माणसाची घरनोंदणी, आणि गुलाबी कार्ड म्हणजे ओळखपत्र. बँकेत, रुग्णालयात उपयोग होतो. राहण्याच्या परवानगीशी दोन्हींचा संबंध नाही, आणि घटस्फोट झाला की लग्नावरची मुदतवाढ ही दोन्ही हातात असूनही संपते.

कायमचं इथलं व्हायचं तर नागरिकत्व. थाई पुरुषाच्या परदेशी बायकोसाठी १९६५ च्या कायद्यात सरळ वाट आहे. परदेशी नवऱ्याची वाट २००८ नंतर थोडी सोपी झाली, पण नोकरी, कामाचा परवाना आणि भरलेला कर यांची काही वर्षांची रांग त्याच्याकडून मागितली जाते. भारतीयांनी ती वाट धरण्याआधी आपला १९५५ चा नागरिकत्व कायदा वाचावा. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप जातं.

मुलांचं प्रकरण वेगळं. आई किंवा बाप थाई असेल तर मूल जन्मतः थाई. भारतीय नागरिक म्हणून नोंदवायचं तर वर्षाच्या आत दूतावासात जावं लागतं आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं. त्यामुळे बरीच कुटुंबं थाई पासपोर्ट आणि भारताचं ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड अशी जोडी निवडतात, आणि ती शहाणपणाची आहे. फक्त मुलगा असेल तर एक गोष्ट कोणी सांगत नाही. थाई नागरिक म्हणून वयाच्या एकविसाव्या वर्षी त्याला एप्रिलमधल्या सैन्यभरतीच्या सोडतीला जावं लागतं. लाल चिठ्ठी निघाली तर सैन्यात, काळी निघाली तर सुटका. शाळेत तीन वर्षं ‘रो दो’ हे लष्करी प्रशिक्षण पुरं केलं असेल तर सोडतीत हात घालावाच लागत नाही. म्हणून नववीनंतरची शाळा निवडताना तिथे रो दो आहे का, हे विचारून घ्यावं.