रोखीचं गिऱ्हाईक आणि उधारीची वही

लक्ष्मीपूजनाला व्यापारी नव्या वहीची पूजा करतात आणि पाडव्यापासून तिच्यात हिशेब मांडायला लागतात. मोठ्या पेढ्यांवर आता संगणकाला हळदकुंकू वाहतात. किराणा दुकानाच्या गल्ल्याशेजारी मात्र अजूनही लाल कापडी बांधणीची लांबट वही सापडते. प्रत्येक घराला तिच्यात एक पान असतं. पानावर आडनाव असेलच असं नाही. 'रिक्षावाले, मागची चाळ', 'शिलाईवाल्या ताई', 'वॉचमन, बी विंग' अशा नोंदी असतात. त्याखाली तारीख टाकून तेल १ लिटर, साखर २ किलो, तूरडाळ अर्धा किलो, साबण २. मुलगी शाळेतून येताना घेऊन गेलेली पेन्सिलसुद्धा मांडलेली असते. पगार झाला की बेरीज होते, जमा रक्कम वजा होते आणि राहिलेला आकडा 'मागील बाकी' म्हणून पुढच्या पानावर चढतो. गिऱ्हाइकाची सही कुठेच नसते. तारण, व्याज तर नाहीच.

किराणा दुकानाचं मोल मोजताना आपण भाव, सवलत आणि घरापासूनचं अंतर बघतो. माझ्या मते सगळ्यात मोठं मोल या वहीत आहे. हातावर पोट असलेल्या घराला महिनाभर बिनव्याजी पत देणारी दुसरी संस्था आपल्या शहरांत नाही.

अशी पत द्यायला किती भांडवल लागतं ते पाहू. समजा, एका दुकानाची ४० घरं उधारीवर आहेत आणि प्रत्येक घर महिन्याला ६,००० रुपयांचा माल नेतं. महिन्याची उधारी झाली २ लाख ४० हजार. माल महिनाभर थोडाथोडा जातो, म्हणून सरासरी निम्मी रक्कम, म्हणजे १ लाख २० हजार रुपये, कायम लोकांच्या घरात अडकलेली असते. हीच रक्कम दुकानदाराने १२ टक्क्यांनी कर्जाऊ आणली, तर वर्षाला १४,४०० रुपये व्याज त्याच्या खिशातून जाईल. किराण्यातला नफा ढोबळमानाने ८ ते १२ टक्के, आणि खाद्यतेलासारख्या मालावर त्याहूनही कमी. त्यातूनच भाडं, वीजबिल, पोऱ्याचा पगार आणि उंदरांनी कुरतडलेल्या पोत्याची भरपाई निघते. १० टक्के नफा धरला, तर एका घरामागे महिन्याला ६०० रुपये मिळतात. एखादं कुटुंब महिन्याची उधारी बुडवून खोली सोडून गेलं, की दहा घरांचा महिन्याचा नफा त्याच्यासोबत गेला.

तरीही वही चालते, कारण दुकानाला दुसरं गिऱ्हाईकही असतं. नोकरदार घर महिन्याची यादी आणून देतं, सामान घरपोच मागवतं आणि पैसे तिथल्या तिथे चुकते करतं. त्या रोख पैशावर दुकानदार ठोक बाजारातून पुढचा माल उचलतो, वितरकाचा सेल्समन दारात आला की त्याचं बिल भागवतो, आणि उरलेल्या ताकदीवर शिलाईवाल्या ताईंना 'पुढच्या आठवड्यात द्या' म्हणू शकतो. रोखीच्या गिऱ्हाइकाच्या जिवावर उधारीचं गिऱ्हाईक जगतं. हे दोघे एकमेकांना ओळखतही नसतील.

ही वही सुखाचीच होती असं कोणी समजू नये. मुंबईच्या गिरणगावात कामगारांना महिनाभर जेवू घालून पगाराला पैसे घेणाऱ्या खानावळवाल्या बायका वाण्याकडून उधारीने धान्य उचलत. वाणी सांगेल तो भाव आणि देईल तो माल मुकाट्याने घ्यावा लागे, कारण बाकी थकलेलं गिऱ्हाईक दुकान बदलू शकत नाही. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं, ते याच फासातून सोडवण्यासाठी. पुढे १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा गिरणगावातल्या दुकानदारांनी सुरुवातीला उधारी दिली. संप लांबत गेला तशी ती आटली. लहान दुकानाची पत दुकानदाराच्या भांडवलाएवढीच असते, तिच्या मागे कोणी उभं नसतं. आज एका वस्तीत दोन-चार दुकानं असतात म्हणून गिऱ्हाइकाची अडवणूक कमी झाली आहे. दुकानं कमी झाली, तर ती परत येईल.

आणि दुकानं कमी होत आहेत. वितरकांच्या देशव्यापी संघटनेने २०२४ मध्ये असा अंदाज मांडला, की वर्षभरात देशात सुमारे २ लाख किराणा दुकानं बंद पडली आणि त्यांतली बरीचशी महानगरांतली होती. संघटनेचं स्वतःचं हित यात गुंतलेलं आहे, म्हणून आकडा जपून घ्यावा. दिशा मात्र मुंबई-पुण्यात कोणत्याही गल्लीत दिसते. २००२ मध्ये पवईत पहिलं डी-मार्ट उघडलं, त्यानंतर वीस वर्षांत महिन्याची मोठी यादी तिकडे वळली. तरी अडीअडचणीला लागणारं दही, ब्रेड, कोथिंबीर कोपऱ्यावरून येत होतं. २०२१ पासून झेप्टो, ब्लिंकिट, इन्स्टामार्ट यांनी दहा मिनिटांत तेही दारात आणून ठेवलं. गेलं ते रोखीचं गिऱ्हाईक. उधारीचं गिऱ्हाईक जाणार कुठे? ॲपला 'शेठ, मांडून ठेवा' म्हणता येत नाही. क्रेडिट कार्ड आहे, पण ते पगाराची पावती असलेल्याला मिळतं, आणि बाकी थकली तर वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं.

रोजगाराचाही विचार हवा. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार शेती आणि बांधकाम सोडून देशात ७ कोटी ३४ लाख असंघटित छोटे व्यवसाय होते, त्यांत १२ कोटींहून अधिक माणसं राबत होती. सरासरी काढली तर एका व्यवसायामागे दोन माणसंही येत नाहीत. किराणा दुकान यातलंच. नवरा-बायको आलटून पालटून गल्ल्यावर बसतात, म्हातारे वडील दुपारी गहू निवडून देतात. हे दुकान बंद पडलं की या घराला पाठीवर पिशवी घेऊन दुचाकी हाकण्याची नोकरी मिळेलही, पण ती पंचविशीतल्या मुलाला. पन्नाशीतल्या बाईला कोण घेणार?

सरकारने वस्तू आणि सेवा कराच्या नोंदणीची मर्यादा मालाच्या व्यापाराला ४० लाख रुपयांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत नेली, हे बरं केलं. त्याने कागदपत्रांचा ताप वाचला, पण खेळतं भांडवल आलं नाही. सहकारी बँका आणि पतसंस्थांनी दुकानदाराच्या उधारीच्या वहीवर कर्ज द्यायला हवं. वर्षानुवर्षांची जमा-बाकी ज्या वहीत मांडलेली आहे, तिच्याइतका फेडीचा पुरावा त्यांना दुसरीकडे कुठे मिळणार आहे?

तोवर जे करता येईल ते आपल्याच हातात आहे. ज्यांना महिन्याच्या सुरुवातीला पगार मिळतो, त्यांनी डाळ, तांदूळ, तेल, साखर एवढं तरी कोपऱ्यावरच्या दुकानातून घ्यावं. आणि त्याचे पैसे त्याच दिवशी द्यावेत.