नगरीय जैवविविधता आणि परिसंस्था सेवा

एखाद्या प्रदेशातील सजीवांच्या जातींचे, त्या जातींमधील आनुवंशिक भेदांचे आणि त्यांच्या अधिवासांचे वैविध्य म्हणजे जैवविविधता. या सजीवसृष्टीपासून मानवास होणाऱ्या लाभांना ‘परिसंस्था सेवा’ अशी संज्ञा आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या सहस्रक परिसंस्था मूल्यांकनात त्यांचे चार वर्ग केले आहेत : पुरवठा, नियामक, सांस्कृतिक आणि या तिन्हींना आधारभूत अशा साहाय्यक सेवा.

मुंबई महानगरात हे चारही वर्ग आढळतात. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र सुमारे १०४ चौ. किमी. आहे. एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या विहार व तुळशी या तलावांचे पाणलोट येथील वनराईनेच राखले आहे. येथील बिबट्यांच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा असल्याने श्वानदंश व रेबीज यांना काही प्रमाणात आळा बसत असावा, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखवले आहे.

ठाणे खाडीच्या काठावरील कांदळवनात तिवराचे प्राबल्य आहे. त्याची श्वसनमुळे खुंट्यांप्रमाणे चिखलातून वर येतात. पानांतून बाहेर पडलेले जादा मीठ वाळून त्याचे कण पृष्ठभागावर चमकतात. या मुळांच्या दाटीत गाळ अडतो, लाटांचा जोर ओसरतो आणि कोलंबी, खेकडे व बोयट यांच्या पिल्लांना आसरा मिळतो. कोळी समाजाची खाडीतील मासेमारी त्यावरच अवलंबून आहे. रोहित पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या खाडीतील अभयारण्यास २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

जातींची संख्या आणि सेवांचे परिमाण यांचे प्रमाण मात्र सर्वत्र सारखे नसते. कांदळवनात वृक्षांच्या जाती मोजक्याच असूनही किनाऱ्याचे रक्षण उत्तम होते. सावली व गारवा हे लाभही मुख्यतः पर्णसंभारावर ठरतात. परागीभवनाचे तसे नाही. तेथे विशिष्ट जातींचे परस्परसंबंध निर्णायक असतात. उंबराचे फळ फोडल्यावर दिसणारे ‘किडे’ ही बहुधा सूक्ष्म गांधीलमाश्यांची प्रजा असते. उंबराचे परागीभवन त्यांच्यातील एका ठरावीक जातीकडून होते. ती नष्ट झाली तर उंबरात बी धरणार नाही आणि फळांवर जगणाऱ्या तांबट, कोकीळ यांसारख्या पक्ष्यांचाही आधार तुटेल. पांढऱ्या चिप्पीची फुले रात्री उमलतात व त्यांच्या परागीभवनात वटवाघळांचा सहभाग असतो. या वृक्षास महाराष्ट्राने २०२० साली राज्य कांदळवृक्ष म्हणून मान्यता दिली.

वैविध्याचा आणखी एक उपयोग संकटकाळी प्रत्ययास येतो. मुंबईच्या रस्त्यांवर मोठ्या प्रमाणात लावलेला वर्षावृक्ष मूळचा अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातला. त्याच्यावर पिठ्या ढेकणाचा प्रादुर्भाव झाला तेव्हा अनेक मोठी झाडे वाळली आणि त्या त्या रस्त्यांची सावली गेली. वड, करंज, ताम्हण, बकुळ अशी मिश्र लागवड असल्यास एका किडीने सर्व छत्र हरपत नाही. काही जाती दुबळ्या झाल्या तरी इतर जाती तेच कार्य पुढे चालवतात. या गुणास परिसंस्थेची लवचिकता म्हणतात.

जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. त्या नोंदवहीत जातींच्या नावांसोबत प्रत्येक जातीचे कार्य व तिचे अन्य जातींवरील अवलंबित्वही नोंदले गेले, तर नगररचनाकारास वृक्षलागवडीचे व अधिवास-संरक्षणाचे निर्णय पक्क्या आधारावर घेता येतील.