नऊ जणींतल्या अकरा

आधी साधं गणित. २ ऑगस्ट १९२८ रोजी अ‍ॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिक स्टेडियमवर स्त्रियांची ८०० मीटरची अंतिम शर्यत झाली. सुरुवातीच्या रेषेवर नऊ जणी उभ्या होत्या आणि नवाच्या नऊ जणींनी शर्यत पुरी केली. जॉन ट्यूनिस या नावाजलेल्या अमेरिकी क्रीडालेखकाच्या वर्णनात मात्र अकरा बापड्या धावतात. त्यांतल्या पाच जणी मध्येच शर्यत सोडतात आणि पाच जणी रेषा ओलांडून कोसळतात. नवाच्या अकरा कशा झाल्या, हे तेव्हा कुणी मोजून पाहिलं नाही.

स्त्रियांच्या मैदानी स्पर्धा ऑलिंपिकमध्ये आल्या त्याच वर्षी. त्याही भांडून मिळवलेल्या. फ्रान्सच्या अ‍ॅलिस मिलिया यांनी १९२१ साली स्त्रियांचा स्वतंत्र आंतरराष्ट्रीय महासंघ काढला होता आणि पुढच्या वर्षी पॅरिसला वेगळी स्पर्धाच भरवून दाखवली होती. तिथे बायका १००० मीटर धावल्या आणि कुणावर आभाळ कोसळलं नाही. अ‍ॅमस्टरडॅमला स्त्रियांच्या वाट्याला पाच प्रकार आले: १०० मीटर, ८०० मीटर, १०० मीटरच्या चौघींची रिले, उंच उडी आणि थाळीफेक. एवढ्यावर बोळवण होते म्हणून ब्रिटिश अ‍ॅथलीट मुली रागाने आल्याच नाहीत.

८०० मीटर म्हणजे ट्रॅकच्या दोन फेऱ्या. ही शर्यत मोठी वाईट खोडीची. सुसाट सुटावं तर दुसऱ्या फेरीत पाय शिशाचे होतात. राखून धावावं तर पुढची हाती लागत नाही. शेवटच्या शंभर मीटरांत धावणाऱ्याचं शरीर त्याचं राहत नाही. रेषेपलीकडे माणूस गवतावर पडतो, आणि थोड्या वेळाने उठून पाणी मागतो.

त्या दिवशी जिंकली जर्मनीची लीना राडके, २ मिनिटे १६.८ सेकंदांत. दुसरी आली जपानची किनुए हितोमी, २ मिनिटे १७.६ सेकंदांत. तिसरी स्वीडनची इंगा गेंत्सेल. तिघींनीही आधीचा विश्वविक्रम मागे टाकला. राडकेचा विक्रम पुढे सोळा वर्षं टिकला. 'स्त्रियांना न झेपणाऱ्या' शर्यतीचा हा निकाल!

हितोमीजवळ थोडं थांबायला हवं. अ‍ॅमस्टरडॅमला गेलेल्या जपानी पथकातली ती एकटी स्त्री. भरवसा १०० मीटरवर होता, पण ती उपांत्य फेरीतच बाद झाली. रिकाम्या हाताने परतायचं कसं, म्हणून तिने ८०० मीटरमध्ये नाव घातलं. हे अंतर ती आधी कधी स्पर्धेत धावली नव्हती! आशियातल्या स्त्रीचं ते पहिलं ऑलिंपिक पदक. आणि गंमत पाहा: ही मुलगी पोटासाठी ओसाकाच्या 'माइनिची' वर्तमानपत्रात काम करत होती. शर्यतीची बातमी लिहिणाऱ्यांच्या जातकुळीतली एक जण खुद्द ट्रॅकवर होती.

कॅनडाच्या बॉबी रोझेनफेल्डचीही गोष्ट सांगितलीच पाहिजे. संघातली सतरा वर्षांची जीन थॉम्प्सन मागे पडू लागली, तशी बॉबी मागून तिच्या बरोबरीला आली आणि तिला धीर देत धावली. शेवटी थॉम्प्सनला पुढे जाऊ देऊन स्वतः पाचवी आली. जी बाई दमून मरायला टेकली आहे, तिला हे सुचेल?

वर्तमानपत्रांना मात्र गवतावर पडलेल्या मुली दिसल्या. अशा अमानुष शर्यतीने स्त्री अकाली म्हातारी होते, असं सांगणारी मंडळी पुढे सरसावली. आता पुरुषांकडे बघा. १९०८ साली लंडनच्या मॅरेथॉनमध्ये इटलीचा दोरांदो पिएत्री शेवटच्या टप्प्यात पुनःपुन्हा पडला, लोकांनी त्याला उठवून रेषेपार नेलं. तो बाद ठरला, तरी राणीने त्याला चषक दिला. १९१२ साली स्टॉकहोमला पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो मॅरेथॉनमध्ये कोसळला आणि दुसऱ्या दिवशी वारला. मॅरेथॉन बंद झाली नाही. पुरुष पडला तर शौर्य, बाई पडली तर पुरावा. मला हे सगळं प्रकरण वैद्यकाचं वाटतच नाही. ते बातमी लिहिण्याचं आहे.

परिणाम बत्तीस वर्षं पुरला. १९३२ ते १९५६ या काळात एकाही ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटर शर्यत झाली नाही. १९३२ आणि १९३६ साली त्यांना सर्वांत लांब पल्ला होता १०० मीटर. १९४८ साली त्यात २०० मीटरची भर पडली. म्हणून १९५२ साली हेलसिंकीला मुंबईच्या वांद्र्याची मेरी डिसोझा १०० आणि २०० मीटर धावली. त्याहून लांब धावावं असं तिच्या मनात असतं, तरी तिथे तिला शर्यतच नव्हती.

हितोमीच्या नशिबी २०० मीटरची ती भर बघणंही नव्हतं. १९३० साली प्रागच्या महिला स्पर्धेत आणि नंतर युरोपभर ती धावत-उड्या मारत राहिली. मग न्यूमोनियाने गाठलं. २ ऑगस्ट १९३१ रोजी, त्या शर्यतीला बरोबर तीन वर्षं झाली त्या दिवशी, चोविसाव्या वर्षी ती ओसाकात गेली.

१९६० साली रोमला शर्यत परतली आणि सोव्हिएत संघाची ल्युद्मिला शेवत्सोवा २ मिनिटे ४.३ सेकंदांत जिंकली. त्या अंतिम फेरीत आघाडीवर असलेली ऑस्ट्रेलियाची डिक्सी विलिस शेवटाजवळ खरोखरच ट्रॅकबाहेर गेली. तिची शर्यत अपुरी राहिली. अ‍ॅमस्टरडॅमला जे घडलंच नव्हतं, ते रोमला थोडंफार घडलं. तरी चार वर्षांनी टोकियोत, हितोमीच्या देशात, ८०० मीटर शर्यत होतीच.

त्यानंतर दारं एकेक करून उघडली, तीही कुरकुरत. १५०० मीटर १९७२ साली म्युनिकला आली, ३००० मीटर १९८४ साली लॉस एंजेलिसला. स्टीपलचेसला तर २००८ उजाडलं. म्हणजे साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर १५ ऑगस्ट २०१६ रोजी रिओच्या अंतिम फेरीत उतरली, तेव्हा स्त्रियांसाठी ही ऑलिंपिक शर्यत अवघी तिसऱ्यांदा होत होती. ३००० मीटर, वाटेत २८ अडथळे, शिवाय सात वेळा पाण्यावरून उडी. मेरी डिसोझाच्या सर्वांत लांब शर्यतीच्या पंधरा पट अंतर. ललिता ९ मिनिटे २२.७४ सेकंदांत दहावी आली.