साका बसणार का?

मिठाच्या द्रावणात सिल्व्हर नायट्रेट ओतले की पांढरा साका बसतो. पण तो बसेल की नाही, हे आधीच काढता येते: आयनांच्या संहतींचा गुणाकार त्या क्षाराच्या विद्राव्यता गुणाकारापुढे गेला, तरच साका. ०.००१ मोलर द्रावणे सम आकारमानात मिसळली, तर दोन्ही संहती निम्म्या होतात (गणितात हीच पायरी हमखास सुटते). तरीही सिल्व्हर क्लोराइडची मर्यादा सुमारे १,४०० पटींनी ओलांडली जाते. सिल्व्हरऐवजी लेड नायट्रेट घ्या, दोन्ही द्रावणे दहापट तीव्र करा, तरी साका नाही! इथे क्लोराइडच्या संहतीचा वर्ग धरावा लागतो आणि गुणाकार मर्यादेच्या एक टक्काही भरत नाही. गरम पाण्यात तर लेड क्लोराइड चांगलेच विरघळते; प्रयोगशाळेत शिसे चांदीपासून वेगळे करतात ते याच आधारे.