ब्रेक दाबताच गाडी का थरथरते?

मनोरहून पालघरला येताना वाघोबा घाटाच्या उतारावर ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग थरथरलं, तर संशय आधी पुढच्या डिस्कवर घ्यावा. थरथर सीटखाली जाणवली, तर मागच्या चाकांकडे पाहावं.

डिस्क बहुतेकदा वाकलेली नसते. तापलेल्या पॅडचा थर तिच्यावर कमी-जास्त चिकटतो आणि जाडी असमान होते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावा लागणारा हा फरकही हाताला कळतो. तारापूरच्या खाऱ्या हवेत गाडी बरेच दिवस उभी राहिली, तर गंजही हाच त्रास देतो.

मेकॅनिककडून डायल गेज लावून डिस्कचा डोल तपासून घ्या. हबवरचा गंज काढून चाकाचे नट ठरलेल्या टॉर्कनेच आवळायला सांगा. डिस्कची जाडी तिच्यावर कोरलेल्या किमान आकड्याखाली गेली असेल, तर दोन्ही बाजूंच्या डिस्क पॅडसकट बदला.