७/१२ चा उतारा मोबाईलवर उतरत नाही तेव्हा

हलके धान कापणीस आले की तुमसरपासून लाखांदूरपर्यंत ७/१२ च्या उताऱ्याची निकड भासू लागते. आधारभूत किमतीने धान विकण्याच्या नोंदणीस तो लागतो, पीककर्जासही लागतो. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपये शुल्क भरून मिळतो. तेथील विनामूल्य उतारा केवळ माहितीसाठी असतो, हे शेतकरी बंधूंस आवर्जून सांगावे.

पैसे कापले गेले, परंतु उतारा आला नाही, अशी तक्रार कानी आल्यास दुसऱ्यांदा शुल्क भरण्याची घाई करू नये. पुष्कळदा उतारा तयार असतो. त्याला अडविलेले असते ते मोबाईलमधील ब्राउझरने. पीडीएफ फाईल नव्या खिडकीत उघडणारी असली, तर जाहिरातींच्या खिडक्या रोखणारी ब्राउझरची व्यवस्था तिलाही रोखते. राखणदाराने चोराबरोबर पाहुण्यासही परत पाठवावे, तसाच हा प्रकार होय.

क्रोममध्ये तीन टिंबांवरून सेटिंग्ज व पुढे साईट सेटिंग्ज उघडून पॉप-अपला परवानगी द्यावी. संगणकावरील फायरफॉक्स पानाच्या माथ्यावर एक पट्टी दाखवितो. परवानगीचे बटण तिच्यातच असते. आयफोनवर सफारीच्या सेटिंग्जमधील पॉप-अप रोखण्याची कळ बंद करावी व काम होताच पुन्हा चालू करावी. फेसबुकसारख्या ॲपमधील दुवा त्या ॲपच्याच खिडकीत उघडतो व तेथे फाईल उतरविताना अडचण येते. म्हणून पत्ता थेट ब्राउझरमध्ये लिहिणे बरे.

कित्येकदा फाईल उतरलेली असते, पण सापडत नाही. क्रोममध्ये ती तीन टिंबांखालील ‘डाउनलोड्स’मध्ये, तर आयफोनवर ‘फाइल्स’ या ॲपमध्ये पाहावी. फाईल आहे पण उघडत नाही, असे झाल्यास खात्यात पुन्हा प्रवेश करून ती नव्याने उतरवावी.

तरीही दोष कळेना, तर त्याच खात्यात दुसऱ्या ब्राउझरने प्रवेश करून आधी भरलेल्या शुल्काची नोंद उघडावी. तेथे उतारा मिळाला, तर दोष पहिल्या ब्राउझरचा. तेथेही न मिळाल्यास संकेतस्थळाकडे तक्रार करावी. ही खटपट त्याच दिवशी करावी, कारण भरलेल्या शुल्कावरील उतारा तेथे मर्यादित काळच राहतो.

जुन्या माहितीपत्रकांत इंटरनेट एक्सप्लोरर वापरण्याची सूचना आढळते. तो ब्राउझर जून २०२२ मध्ये बंद झाला. ती सूचना खोडून टाकावी.